भगवंतरावाचा दुखवटा

अमरावती,
२० जानेवारी २०२५

ती. पार्बताआत्या यांस,
देवीदासचा नमस्कार.

फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या आठवड्यात तुम्ही फोन केलात तेव्हा आपण दोघांनी मिळून सात-आठ वेळा 'हं' म्हटलं आणि ठेवून दिला. म्हणून लिहितो आहे. अंबादेवीसमोर ओमप्रकाशच्या दुकानात तुमच्या झेंडूची कॅरेट येतात आणि रिकामी परत जातात. रिकाम्या कॅरेटमध्ये हे पाकीट ठेवायला तो तयार आहे. उत्तर द्यायचं असेल तर फुलांसोबत पाठवा.

एक विचारायचं आहे. गोष्ट लहान आहे, पण रागिणीला तुम्हीच वाढवलंत, तेव्हा तिच्या माघारी असल्या बाबतीत शब्द तुमचाच.

आम्ही दोघं कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायचो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि खेळतो काय, असं तुम्हाला वाटेल. त्यात एक माणूस आपला असतो. तो गावोगाव फिरतो, लोकांची कामं करतो, कधी लढतो. समोरचा काही बोलला की आपल्या उत्तराच्या चार-पाच ओळी पडद्यावर येतात, त्यातली एक निवडायची. जसं उत्तर, तशी पुढची गोष्ट. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. रागिणी त्याला 'सात घाट' म्हणायची. ती ओळी मोठ्याने वाचायची आणि निवडायची, मी माऊस धरायचो. बोलायचं काम तिचं, लढायचं माझं.

पहिला भाग आम्ही २०१६ साली संपवला. तेव्हापासून दुसऱ्याची वाट बघत होतो. कंपनी तारीख द्यायची आणि पुढे ढकलायची. दर रविवारी चहा घेताना काही बातमी आहे का ते बघायचं, नसली की रागिणी कंपनीला चार शब्द ऐकवायची. पळून गेलेला नावाडी परत येईल का, यावर आमचं कितीदा तरी भांडण झालं. खरं सांगायचं तर खेळण्यापेक्षा वाट बघण्यातच आमची जास्त वर्षं गेली, आणि ती वाईट गेली नाहीत.

आता तारीख नक्की झाली आहे. १८ फेब्रुवारी. तुम्ही तिच्या तेराव्याला सांगितलं होतं की वर्षभर घरात नवीन काही आणायचं नाही. हा खेळ नवीन वस्तूत धरायचा का? तुम्ही नको म्हणालात तर आणणार नाही.

आपला,
देवीदास


बार्शीटाकळी,
२५ जानेवारी

जवाईबापू देवीदासराव यायले पार्बताबाईचा आशीर्वाद.

तुमचं पाकीट भेटलं. पह्यले वाटलं, ओमप्रकाशनं फुलं खराब निंगाले म्हनून चिठ्ठी धाडली. मंग हात धुवून बसली अन् दोन खेपा वाचलं.

रागिणी मले सांगे, आत्या, आमी घाट-घाट खेळतो. मले इतके वर्ष वाटे का काही पूजेचं हाय.

कॉम्प्युटर जुनाच हाय ना? टेबल जुना, खुर्ची जुनी? मंग खेळ काही वस्तू नोहे. त्याले ना हात लावता येत, ना धुता येत. आना. पन वर्षाचं पाळा लागते तेवढं पाळजा. अंगावर नवं घालू नका, कोनाच्या जेवनावळीत बसू नका, वाजंत्री लावू नका. एवढं केलं म्हनजे झालं. बाकी मानसानं जित्तं राहावं.

अन् त्यात काय काय होते ते मले लिवजा. सांजच्याले तोडनी झाली का मी अन् शेजारची मनकर्णाबाई ओट्यावर नुसत्या बसून राहतो. तिच्या मेथीच्या गोष्टी आयकून मी कंटाळली.

पार्बताबाई


अमरावती,
२३ फेब्रुवारी

ती. आत्या,
नमस्कार.

खेळ आणला. तुमच्या तिन्ही अटी पाळतो आहे. थोडं अवघड जातं.

सुरुवातीला आपल्या माणसाच्या अंगावर चामड्याचं एक फाटकं जाकीट असतं. पहिल्याच गावात लोहार नवीन चिलखत देतो, तेही फुकट. मी घेतलं नाही. त्यामुळे पुढच्या पुलावर दोन लांडग्यांनी त्याला अकरा वेळा मारलं. मेला की तो पुन्हा पुलाच्या अलीकडे उभा असतो, काळजी करू नका. वाजंत्री नको म्हणून आवाज बंद ठेवला आहे, म्हणून लांडगा मागून आलेला कळत नाही. दुसऱ्या गावात सरदाराच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाचं आमंत्रण होतं. 'क्षमा असावी' ही ओळ निवडून बाहेर पडलो.

आता तिसऱ्या घाटावर अडलो आहे. एक कालवा आहे आणि त्याच्या पाण्यावरून वरचं गाव आणि खालचं गाव भांडतं आहे. खालच्या गावची एक बाई घाटावर उभी राहून मला विचारते, तू काय करणार? ओळी चार आहेत. वरच्या गावाची बाजू घ्यायची, खालच्या गावाची घ्यायची, बांध फोडायचा, किंवा राजाकडे तक्रार करायची. असल्या ठिकाणी रागिणी पटकन बोलायची. मी दोन दिवस त्या चार ओळींकडे बघतो आहे. मला निवडता येत नाही. तुम्ही सांगाल का?

माणसाचं नाव विचारलं होतं, ते मी रिकामं सोडलं. खेळ त्याला 'वाटसरू' म्हणतो.

आपला,
देवीदास


बार्शीटाकळी,
१ मार्च

जवाईबापू यायले आशीर्वाद.

तुमचं पाकीट वाचून मी एवढी हासली का मनकर्णा धावत आली. तिले वाटलं मी रडून राहिली. अवो, ते मी तुमाले सांगतलं होतं! तुमी नवे कपडे घालू नका, तुमी लग्नात जेवू नका. त्या कॉम्प्युटरातल्या मानसाले काहून उघडं पाडलं? अकरा खेपा मेला बिचारा!

मी लिवनारच होती का द्या त्याले चिलखत. पन मनकर्णा म्हने, सांगतलं त सांगतलं. घरात गमी झाली का घरातल्या सगळ्यायले पाळा लागते, तो काही परका नोहे. हे बी खरं हाय. राहू द्या मंग, पाळू द्या त्याले बी. पन आवाज सुरू करा. लांडगा म्हनजे वाजंत्री नोहे.

अन् नाव रिकामं काहून? बिनानावाच्या मानसाले लांडगे खातीनच. भगवंतराव ठेवा. माह्या सासऱ्याचं नाव. जनमभर बैलाचा, सासूचा अन् सरकारचा मार खाल्ला, पन हटले नाईत.

आता पान्याचं. तुमचे चारी उत्तरं बेकार हायत. ज्यानं लिवले त्यानं कधी वाफ्याले पानी देल्लं नाई. पह्यले विचारा, पाळीची यादी कोनाजोळ हाय. दोन गावं अन् एक कालवा, म्हनजे यादी असतेच. यादी ज्याच्याजोळ, भांडनाचं मूळ त्याच्याजोळ.

अन् ते बाई तवापासून घाटावर उभीच हाय का? जेवली का ते? म्होरच्या वेळेस तिले बसाले सांगा अन् मंग मले लिवा.

पार्बताबाई


अमरावती,
३० मार्च

ती. आत्या,
नमस्कार.

नाव बदललं. खेळात एक कारकून आहे, त्याच्या वहीत नोंद करून घ्यावी लागते. आता वेशीवरचा शिपाईसुद्धा 'या भगवंतराव' म्हणतो.

यादीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी त्या बाईशी पुन्हा पहिल्यापासून बोललो. बोलण्यात खाली एक बारीकशी ओळ होती, 'पाळी कोण ठरवतं?' मी तिच्यावरून दहा वेळा गेलो असेन. यादी देवळाच्या पुजाऱ्याकडे निघाली. त्याने स्वतःच्या बागेला दोन पाळ्या लावून घेतल्या होत्या. यादी चावडीवर वाचून दाखवली आणि भांडण मिटलं. लढाई झालीच नाही.

हा खेळ खेळणारे लोक इंटरनेटवर एका जागी एकमेकांना विचारत असतात. तिथे मी हे लिहिलं. पोलंडमधल्या एकाने विचारलं, तुला हे सुचलं कसं? आम्ही सगळ्यांनी बांध फोडला. मी लिहिलं, बार्शीटाकळीला आमच्या आत्या असतात. त्यावर चाळीस जणांनी अंगठा दाखवला. त्यांच्यात अंगठा दाखवणं म्हणजे शाबासकी.

घाटावरच्या बाईची काळजी करू नका. कॉम्प्युटर बंद केला की तिथे वेळ जात नाही. मी आठ दिवसांनी परत गेलो तरी तिला वाटतं आत्ताच विचारलं. मला ही सोय चांगली वाटते.

आज पाडवा. आपल्याकडे गुढी नाही. योगायोग असा की खेळातही आज राजाची मेजवानी होती. भगवंतराव गेले नाहीत, वेशीबाहेर पारावर बसले. नंतर कळलं की पाचवा घाट ओलांडायचा परवाना त्या मेजवानीतच मिळतो. आता तो मिळणार नाही.

आपला,
देवीदास


बार्शीटाकळी,
२६ एप्रिल

जवाईबापू यायले आशीर्वाद.

चाळीस अंगठ्यायचं मी मनकर्णाले सांगतलं. ते दोन दिवसापासून मले 'पोलंडवाली' म्हनून राहिली.

पुजारी चोर निंघन हे मले पह्यलेच वाटलं होतं. पन एक सांगा, आठ दिवस गेले तरी त्या बाईले आत्ताच विचारलं असं वाटते, हे सोय तुमाले कायची चांगली वाटते? मले नाई वाटली.

परवाना नाई भेटला त दुसरा रस्ता पाहा. नदीले कोठं ना कोठं उतार असतेच.

बुधवारी आखाजी हाय. तुमी तेराव्यानंतर अठी पाय ठेवला नाई. या. पुरनपोळी नाई करत, साधं वरनभात करतो.

पार्बताबाई


अमरावती,
२२ जून

ती. आत्या,
नमस्कार.

आखाजीला येता आलं नाही. कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होत्या. नंतर ऊनही फार होतं. पत्रालाही उशीर झाला.

भगवंतराव ठीक आहेत. पहिल्या चार घाटांवरच्या गावांत लहानसहान कामं करतात. एकाची हरवलेली शेळी शोधून दिली, एकीचं जातं दुरुस्त केलं. एकशे बारा तास झाले. पोलंडवाल्याने विचारलं की तू पुढे का जात नाहीस, सहावा घाट सगळ्यात सुंदर आहे. त्याने रस्ताही सांगितला. पाचव्या घाटापलीकडच्या लोकांचा पोशाख दुकानात मिळतो, तो चढवला की कोणी परवाना मागत नाही. पण पोशाख नवीन आहे, आणि नवीन अंगावर घालायचं नाही असं आपलं ठरलं आहे. त्यामुळे इलाज नाही.

मला त्याचं काही वाटत नाही. ही गावं ओळखीची झाली आहेत. कोण काय विचारणार ते माहीत असतं.

आपला,
देवीदास


बार्शीटाकळी,
४ जुलै

देवीदास,

आज तुले 'तू' म्हनून राहिली. राग आला त येऊ दे.

प्रात्यक्षिक परीक्षा एप्रिलच्या पह्यल्या हप्त्यात झाल्या. ओमप्रकाशची पोरगी तुह्याच कॉलेजात हाय. तो फोनवर सांगे, तू दुकानात येतं, पाकीट घेतं, एक शब्द बोलत नाई, अन् सायबाच्या घरच्या बारशाचं बोलावनं तूनं तिथंच बाकावर सोडून देल्लं. त्याले बी सांगतलं असशीन, आत्यानं मना केलं म्हनून.

माह्या नावावर नको टाकू. मी मना केलं ते जेवनावळीले. बारशाले जाऊन उभ्याउभ्या लेकराचं तोंड पाहाले कोनी मना नाई केलं.

तुले एक सांगतो जे रागिणीशिवाय कोनाले माईत नाई. आमचे हे गेले तवा मी एक वर्ष नाई, दोन वर्ष नवं लुगडं घेतलं नाई. लोक म्हनत, पार्बताबाई किती पाळते. मी काही पाळून नव्हती राहिली. दुकानात आमचे हे संग येत अन् रंग ते निवडत. मले म्हनत, हे घे, अन् मी घेओ. ते गेल्यावर मले दुकानाच्या पायरीवर चढाचं भेव वाटे. दुकानदार विचारन, बाई कोनता रंग दाखवू? मी काय सांगू? म्हनून म्हने, आमचं पाळनं चालू हाय.

रागिणी नऊ वर्षाची होती. तिनं माह्या हाताले धरून नेलं. मी कोपऱ्यातलं मातकट लुगडं उचललं, त ते पोट्टी म्हने, आत्या, हे तुले आवडलं का, का जवळ होतं म्हनून घेतलं? मी ते ठेवलं अन् पोपटी घेतलं. पोपटी! नेसून बाहेर निंघाले आठ दिवस लागले मले. पन तो रंग माह्या निवडीचा होता.

तू भी तेच करून राहिला. नेम माहा सांगतं, अन् भेव तुह्यं हाय. अन् मार कोन खाऊन राहिलं? भगवंतराव! फाटकं जाकीट घालून शेळ्या शोधून राहिला बिचारा. त्याची काय बायको मेली?

तुहा दुखवटा वर्षश्राद्धाले काढू, चार लोकात, रीतीनं. भगवंतरावाचा मी आज काढला. त्याले नवं घाल अन् पाचव्या घाटावर ने. रंग तू निवडजो. उत्तरं भी तूच देजो. मले विचारलं त पाकीट न फोडता वापस धाडीन.

पार्बताबाई


अमरावती,
१७ ऑगस्ट

ती. आत्या,
नमस्कार.

दीड महिना लिहिलं नाही. राग आला नव्हता.

जानेवारीत मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही 'नको' म्हणाल असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे म्हणावं असं वाटत होतं. आठ वर्षं आम्ही दोघांनी मिळून वाट बघितली. ती गेल्यावरही तेवढी एक गोष्ट दोघांची राहिली होती. खेळ सुरू केला की वाट बघणं संपणार. तुम्ही 'आना' लिहिलंत. मग चालू करूनही पुढे जायचं नाही, असा मार्ग मला सापडला, आणि त्याला मी तुमचं नाव दिलं. चुकलं.

मागच्या रविवारी पोशाखाच्या दुकानात गेलो. चार रंग होते. मी पाऊण तास घेतला. दुकानदार खेळातला असल्यामुळे त्याने काही म्हटलं नाही. विटकरी घेतला. भगवंतरावांना शोभतो, निदान मला तसं वाटतं.

पाचव्या घाटावर पहारेकऱ्याने विचारलं, 'कोण तू, आणि पलीकडे कशाला जातोस?' पाच ओळी आल्या. मनात वाचून काही सुचेना, म्हणून मोठ्याने वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला माझा आवाज फाटला. घरात कोणी बोलल्याला बरेच महिने झाले होते. खाकरून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चौथी ओळ अशी होती, 'पलीकडे काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून.' ती निवडली. रागिणीने ती निवडली नसती. तिने पहारेकऱ्याला टोमणा मारणारी तिसरी निवडली असती. नावाडीही परत आला आहे. तो भांडणाचा मुद्दा मी हरलो.

सहावा घाट खरंच सुंदर आहे. पोलंडवाल्याला कळवलं.

सातव्या घाटाच्या अलीकडे थांबलो आहे. हे थांबणं वेगळं आहे. वर्षश्राद्धाला येईन तेव्हा कॉम्प्युटर घेऊन येतो. शेवट तुमच्याकडे खेळू. साहेबांच्या नातवालाही बघून आलो. नाव अमोल ठेवलं आहे. झोपलेला होता, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

आपला,
देवीदास


अमरावती,
९ नोव्हेंबर

ती. आत्या,
नमस्कार.

सुखरूप पोचलो. तुम्ही आहेर केलेला शर्ट काल घातला. कॉलेजात तीन जणांनी विचारलं. मी तिघांनाही उत्तर दिलं.

अजून त्या संध्याकाळचं हसू येतं. सातव्या घाटाची राणी हरून शरण आली होती आणि 'माझं काय करणार?' म्हणून उत्तर मागत होती. तुम्ही म्हणत होता 'तिले माफ करा', मनकर्णाबाई म्हणत होत्या 'ढकला तिले नदीत', आणि दोघी माझे दोन खांदे धरून हलवत होतात. अशा हलत्या माऊसने मी या खेळात कधी निवड केली नव्हती. मी राणीला नोकरीवर ठेवण्याची ओळ निवडली तेव्हा तुम्ही दोघी मिळून माझ्यावरच उखडलात. नंतर राणी घाटावर सारवण घालायला लागली तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, 'हे बरं केलं.' तेवढं मला पुरे आहे.

खेळ संपला. परत येताना बसमध्ये वाटत होतं की घरी गेल्यावर जड जाईल. थोडं गेलं. आज रविवार. चहा घेताना सवयीने बातमी बघितली. कंपनीने तिसरा भाग जाहीर केला आहे. तारीख दिलेली नाही. मागचा अनुभव बघता आठ-नऊ वर्षं सहज लागतील. तुमच्याशिवाय हे कोणाला सांगावं ते सुचलं नाही.

आपला,
देवीदास


बार्शीटाकळी,
१३ नोव्हेंबर

जवाईबापू यायले आशीर्वाद.

आता पुन्हा 'तुमी'. शर्ट घातला त मान भी द्या लागते.

तिसऱ्या भागाचं मनकर्णाले सांगतलं. ते म्हने, घाट सात होते, सातवा झाला, आता आठवा कोठून आनतीन? मी म्हनलं, नदी काय आपल्याले विचारून संपते का? काल तोडनीभर आमचं यावरच चाललं. ते म्हनते राणी पळून जाईन. मी म्हनलं नाई जात, जवाईबापूनं कामावर ठेवली हाय. तुमाले काय वाटते ते लिवजा, म्हनजे तिचं तोंड बंद करता येईन.

दर रविवारी काय बातमी हाय ते सोमवारच्या कॅरेटात धाडजा. काही नसलं त काही नाई म्हनून धाडजा. कंपनीले चार शब्द आमी अठून आयकवू, दोघी हाओत.

अन् तुमी त्यायले इंग्रजीत चिठ्ठी लिवा. म्हना, अमरावतीचा एक मानूस अन् बार्शीटाकळीच्या दोन बाया वाट पाहून राहिले. त्यातली एक एकाहत्तर वर्साची हाय, नऊ वर्षानं ऐंशीची होईन. तारीख कोनती भी ठेवा, पन तवर तिले कमी दिसन, म्हनून उत्तराच्या ओळीयचं अक्षर मोठं ठेवजा.

पार्बताबाई